कॅथेड्रलचे फादर नक्की काय काम करतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे: घोरपडीजवळच्या सेंट पॅट्रिकला लोक कॅथेड्रल म्हणतात आणि गुरुवार पेठेत पंचहौदला जे चर्च आहे तेही कॅथेड्रल. मग कॅथेड्रल म्हणजे मोठं चर्च, एवढाच अर्थ का? तिथल्या धर्मगुरूंचं काम साध्या पॅरिशच्या, म्हणजे एका भागातल्या स्थानिक चर्चच्या, फादरांपेक्षा वेगळं असतं का? आणि चर्चच्या भिंतीबाहेरच्या समाजाशी त्यांचा संबंध काय? प्रश्नाच्या शेवटी लग्नाच्या कागदपत्रांबद्दलही विचारलं आहे. तो भाग लांबेल, कारण खरी अडचण तिथेच होते.

आधी नावाबद्दल. आकाराचा आणि कॅथेड्रलपणाचा काही संबंध नाही. ‘कॅथेड्रा’ म्हणजे शिकवणाऱ्याची बसायची खुर्ची. ज्या चर्चमध्ये बिशपांची ती खुर्ची असते ते कॅथेड्रल, मग इमारत लहान असो की मोठी. सेंट पॅट्रिक १८५० साली लष्करातल्या आयरिश कॅथलिक सैनिकांसाठी उभं राहिलं. पुणे धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपांच्या देखरेखीखालचा प्रदेश, झाला १८८६ मध्ये. इमारत आधीची, बिशपांची खुर्ची नंतरची. पंचहौदचं पवित्र नाम देवालय १८८५ साली काउली फादर्स या अँग्लिकन संघानं बांधलं. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे आपल्या बोलण्यातलं सीएनआय, स्थापन झालं २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात. पंचहौदचं देवालय आज सीएनआयच्या पुणे धर्मप्रांताचं कॅथेड्रल आहे. शिवाय खडकीच्या नावाचा सिरो-मलंकार, म्हणजे केरळातल्या पूर्वेकडच्या परंपरेच्या, कॅथलिकांचा वेगळा धर्मप्रांत आहे. त्यामुळे पुण्यात ‘कॅथेड्रलला चला’ असं म्हटलं की कोणत्या, हे विचारावंच लागतं.

वेदीजवळ नीट पाहिलंत तर ही खुर्ची ओळखू येते: पाठ उंच, जागा ठरलेली, बहुतेक वेळा वर बिशपांचं मानचिन्ह. बिशप नसताना ती रिकामीच राहते. रोजच्या मिस्सासाठी, म्हणजे वेदीवरच्या मुख्य उपासनेसाठी, उभे राहणारे फादर बाजूच्या दुसऱ्या, साध्या खुर्चीवर बसतात. कॅथेड्रलच्या रेक्टरांनाही त्या खुर्चीवर बसता येत नाही. नवे बिशप आले की कॅथेड्रलमध्ये त्या खुर्चीवर बसतात तेव्हा धर्मप्रांताचा ताबा त्यांच्याकडे आला हे लोकांना दिसतं. कॅथेड्रलच्या फादरांचं निम्मं काम या रिकाम्या खुर्चीभोवती फिरतं. ते दुसऱ्याच्या घराचे कारभारी असतात, आणि तरीही त्याच घरात त्यांचा स्वतःचा संसार, म्हणजे पॅरिश, चालू असतो.

आता माणसं कोण कोण, ते पाहू. कॅथलिक पद्धतीत कॅथेड्रलला रेक्टर असतात. कॅथेड्रल पॅरिशसुद्धा असेल तर बहुधा तेच प्रमुख धर्मगुरू. त्यांच्या हाताखाली एक-दोन सहायक फादर, कधी एखादे डीकन, म्हणजे फादरांच्या खालच्या पायरीचे दीक्षित सेवक. धर्मप्रांताच्या पातळीवर व्हिकार जनरल हे कारभारात बिशपांच्या जागी काम करतात, चान्सलर कागदपत्रं आणि दफ्तर सांभाळतात, ज्युडिशियल व्हिकार चर्चच्या न्यायासनाचे प्रमुख असतात. ही मंडळी कॅथेड्रलमध्येच राहतात असं नाही, पण लोक त्यांना शोधत आधी कॅथेड्रलच्या ऑफिसात येतात. युरोपात कॅथेड्रलला कॅननांचं, म्हणजे कॅथेड्रलला जोडलेल्या धर्मगुरूंचं, मंडळ असतं, त्यात संगीत, खजिना, शिक्षण अशी खाती वाटलेली असतात. आपल्याकडे बहुतेक धर्मप्रांतांत असं मंडळ नाही. त्याची जबाबदारी सल्लागार धर्मगुरूंच्या गटावर असते: किमान ६, कमाल १२ फादर, मुदत ५ वर्षं. बिशपांची जागा रिकामी झाली आणि रोमनं वेगळी सोय केली नाही, तर हाच गट ८ दिवसांच्या आत प्रशासक निवडतो. त्या काळात प्रशासकांना नवे बदल करता येत नाहीत, फक्त चालू गाडा हाकायचा असतो. म्हणून बिशप बदलताना एखादी परवानगी अडकली तर ऑफिसच्या फादरांवर चिडू नका, त्यांचे हात खरंच बांधलेले असतात.

सीएनआयमध्ये शब्द वेगळे. तिथे प्रेस्बिटर-इन-चार्ज, म्हणजे पाळकसाहेब, आणि त्यांच्यासोबत निवडून आलेली पास्टोरेट कमिटी. सामान्य सभासदांचा आवाज तिथे कारभारात थेट असतो. एक गफलत नेहमी होते, ती ‘डीन’ या शब्दाची. अँग्लिकन परंपरेत डीन म्हणजे कॅथेड्रलच्या धर्मगुरूंचा प्रमुख. कॅथलिकांत डीन म्हणजे शेजारशेजारच्या काही पॅरिशच्या गटाचे समन्वयक, आणि ते कॅथेड्रलचे नसूही शकतात. पत्र लिहिताना कोणत्या डीनना लिहिताय हे आधी पक्कं करा.

दोन कामं आणि माणूस एकच, हा या पदाचा मूळ ताण आहे. पॅरिशचे प्रमुख म्हणून रेक्टरांना दर रविवारी आणि बंधनकारक सणाला एक मिस्सा आपल्या लोकांसाठी, कुणाचंही दान न घेता, अर्पण करावा लागतो. शिवाय पहिल्या कम्युनियनचे, म्हणजे मिस्सातला पवित्र प्रसाद पहिल्यांदा घेण्याच्या तयारीचे, वर्ग, आजाऱ्यांच्या भेटी, इंग्रजी-मराठी-कोकणी-तमिळ अशा भाषांच्या वेळा, गायकमंडळींची भांडणं, पावसाळ्याआधी कौलं आणि पन्हाळी. त्यातच धर्मप्रांताचे मोठे विधी येतात: गुरुदीक्षा, म्हणजे नवे फादर होण्याचा विधी, ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी प्रौढ दीक्षार्थींची, म्हणजे बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्यांची, निवड, पवित्र सप्ताह. कॅथेड्रलच्या समर्पणाचा वाढदिवस धर्मप्रांतातल्या प्रत्येक चर्चमध्ये सण म्हणून येतो, आणि खुद्द कॅथेड्रलमध्ये तो महासण असतो. ज्या रेक्टरांना यातलं एकच काम जमतं, तिथे हमखास बिघडतं. नुसते विधी सांभाळणारे असले तर शेजारच्या चाळीतली म्हातारी महिनोन्‌महिने कम्युनियनशिवाय राहते. नुसते पॅरिशचे असले तर गुरुदीक्षेच्या दिवशी दीडशे फादरांना कपडे बदलायला खोली नसते.

विधींपैकी एकाच विधीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण संपूर्ण धर्मप्रांत वर्षभर त्यावर चालतो. पवित्र गुरुवारी सकाळी, किंवा लांबच्या फादरांना परत जाता यावं म्हणून त्याआधीच्या एखाद्या दिवशी, बिशप तेलांचा मिस्सा करतात. सातारा-सोलापूरकडून फादर येतात, सगळे मिळून आपल्या गुरुदीक्षेच्या शपथा पुन्हा घेतात, आणि तीन तेलं तयार होतात. रुग्णांचं तेल आणि दीक्षार्थींचं तेल आशीर्वादित होतं. तिसरं ख्रिस्मा, त्यात बाल्सम हा सुगंधी राळरस मिसळतात, बिशप भांड्यावर फुंकर घालतात आणि ते पवित्र करतात. ख्रिस्मा फक्त बिशपच पवित्र करू शकतात. रुग्णांचं तेल मात्र अडीअडचणीला कोणीही फादर, विधी चालू असतानाच, आशीर्वादित करू शकतात, हे पुष्कळ जणांना माहीत नसतं. ऑलिव्ह तेल मिळालं नाही तर दुसरं वनस्पती तेलही चालतं.

तयारी कॅथेड्रलच्या फादरांची आणि साक्रिस्तानची, म्हणजे विधींच्या वस्तू सांभाळणाऱ्याची. बाटल्यांवर चिठ्ठ्या आधी लावायच्या: एस.सी. ख्रिस्मा, ओ.आय. रुग्णांचं, ओ.सी. दीक्षार्थींचं. लहान पॅरिशला वर्षाला प्रत्येकी ५० ते १०० मिलिलिटर पुरतं, मोठ्या पॅरिशला दुप्पट. वाटप करताना नरसाळी तीन वेगळी ठेवायची, एकच पुसून वापरायचं नाही, नाहीतर ख्रिस्मा रुग्णांच्या तेलात उतरतो. छोट्या डब्यांतला कापूस तीन-चार महिन्यांनी बदलायचा, पुण्याच्या उन्हाळ्यात तेल खवट होतं आणि लहान बाळाच्या कपाळाला लावताना तो वास आईच्या चेहऱ्यावर दिसतो. गेल्या वर्षीचं उरलेलं तेल बेसिनमध्ये ओतायचं नसतं. जाळायचं, किंवा वेदीच्या दिव्यात वापरायचं.

आता वही. माझ्या मते कॅथेड्रलच्या धर्मगुरूंनी समाजाला दिलेली सगळ्यात टिकाऊ गोष्ट प्रवचन नाही, नोंदवही आहे. प्रवचन रविवारी संध्याकाळपर्यंत विरतं. वही दीडशे वर्षं राहते, आणि पणतू ऑस्ट्रेलियातून तिची प्रत मागतो.

स्नानसंस्काराच्या, म्हणजे बाप्तिस्म्याच्या, नोंदीत काय असावं ते ठरलेलं आहे: मुलाचं नाव, आईवडील, गॉडपेरेंट, विधी करणारे धर्मगुरू, साक्षीदार असतील तर ते, संस्काराची जागा आणि तारीख, जन्माची जागा आणि तारीख. उजवीकडे समास मोठा सोडलेला असतो, आणि वहीचा जीव त्या समासात असतो. पुढे त्या व्यक्तीचं दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा ख्रिस्मा लावण्याचा संस्कार) झालं, लग्न झालं, गुरुदीक्षा झाली किंवा मठातलं कायमचं व्रत झालं, तर ते जिथे झालं तिथून मूळ पॅरिशला कळवायचं आणि मूळ पॅरिशनं समासात लिहायचं. मुलगा हडपसरला राहत असेल, लग्न नागपूरला झालं असेल, तरी त्याची मूळ नोंद जिथे पहिलं पाणी पडलं तिथेच. म्हणूनच लग्नाआधी स्नानसंस्काराचा दाखला ६ महिन्यांच्या आतला मागतात. लहानपणीचा लॅमिनेट केलेला दाखला चालत नाही, कारण त्यावर समास कोरा असतो. माणूस आधी विवाहित आहे की नाही हे त्या समासावरूनच कळतं.

यात चुका कुठे होतात? एक, नावं. घरी योसेफ, वहीत जोसेफ, आधारवर जोसफ. डिसोझामधला अपॉस्ट्रॉफी संगणक कधी घेतो, कधी गिळतो. मराठी ख्रिस्ती कुटुंबांत गायकवाड, साळवे, शिंदे अशी आडनावं असतात, आणि कधी आजोबांचं पहिलं नावच आडनावाच्या रकान्यात जाऊन बसतं. दोन, खाडाखोड. दुरुस्तीची रीत अशी: चुकीच्या शब्दावर एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, वर बरोबर शब्द, समासात कशाच्या आधारे बदललं ते, तारीख आणि सही. जन्मतारखेसारखा मोठा बदल असेल तर आधी बिशपांच्या कार्यालयाची लेखी परवानगी. पांढरा व्हाइटनर लावलेली नोंद पासपोर्ट कार्यालयात आणि वकिलातीत संशयास्पद ठरते, आणि तो संशय दूर करायला कुटुंबाचे महिने जातात. तीन, कळवलंच नाही म्हणून समास कोरा. लग्नाच्या धामधुमीत नवरा-नवरीच्या मूळ पॅरिशला पत्र टाकायचं राहून जातं. जिथे लग्न लागलं तिथल्या फादरांचं ते काम आहे, पण दोन महिन्यांनी तुम्हीच फोन करून विचारा.

ही नोंद म्हणजे जन्माचा दाखला नव्हे. जन्माची नोंद महापालिकेत. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी तर शाळेपासून पासपोर्टपर्यंत तोच मुख्य दाखला आहे. जुन्या माणसांसाठी, ज्यांची सरकारी नोंदच झाली नव्हती, चर्चची वही अजूनही महत्त्वाचा आधार ठरते. म्हणून वाळवी, गळती आणि बेफिकिरी या तिन्हींपासून ती जपणं हे थेट समाजाचं काम आहे. वह्या लोखंडी कपाटात, जमिनीपासून फूटभर वर, भिंतीला न टेकवता ठेवायच्या. प्रत्येक पानाचा फोटो काढून एक प्रत धर्मप्रांताच्या दफ्तरात द्यायची. वही उघडून दाखवताना आजूबाजूच्या नोंदी कागदानं झाकायच्या. दत्तक मुलाची नोंद, एकट्या आईची नोंद ज्यात असते ती वही काउंटरवर उघडी पडलेली असणं हा गुन्हाच समजा.

आता लग्न. इथे कॅथेड्रलबद्दल एक गैरसमज पक्का आहे: तिथे लग्न लावायला कुणीही यावं, सभागृह चांगलं आहे, फोटो चांगले येतात. नियम असा आहे की लग्न वधू किंवा वराच्या पॅरिशमध्ये, म्हणजे जिथे कायमचं घर आहे किंवा किमान महिनाभर राहणं झालं आहे तिथे. दुसरीकडे, कॅथेड्रलमध्येही, लावायचं तर आपल्या प्रमुख धर्मगुरूंची परवानगी लागते. क्रम असा ठेवा: तारखेच्या किमान ३ महिने आधी, ६ महिने असतील तर उत्तम, दोघांनी मिळून आपल्या पॅरिशच्या ऑफिसात जायचं. लग्नपूर्व शिबिराची तारीख घ्यायची. दोघांचे ताजे दाखले आणि लग्नाला मोकळे असल्याचं पत्र गोळा करायचं. मग फादर दोघांची वेगवेगळी मुलाखत घेतात, फॉर्म भरतात. ही मुलाखत म्हणजे औपचारिकता नाही. दबावाखाली होकार देणारी मुलगी कधी कधी याच खोलीत पहिल्यांदा मोकळं बोलते, म्हणून नातेवाईकांना बाहेर बसवतात. त्यानंतर तीन रविवारी बॅन्स, म्हणजे जाहीर पुकारा. हॉल आणि केटरर आधी, कागद नंतर, हा उलटा क्रम पुण्यात इतका रुजलाय की मंगलाष्टकांच्या मुहूर्तासारखी तारीख छापून आलेली पत्रिका घेऊनच लोक ऑफिसात येतात. तेव्हा फादर ‘नाही’ म्हणाले तर तो त्यांचा हट्ट नसतो.

दोघांपैकी एक ख्रिस्ती नसेल तर बिशपांकडून सूट लागते, अर्ज पॅरिशमार्फत जातो. कॅथलिक व्यक्तीला लेखी वचन द्यावं लागतं की आपला विश्वास जपू आणि मुलांना त्यात वाढवण्याचा प्रामाणिक प्रयत्न करू. दुसऱ्या व्यक्तीला हे वचन कळवायचं असतं. तिच्याकडून धर्म बदलण्याची मागणी होत नाही. कुणी तशी अट घातली तर थेट बिशपांच्या कार्यालयात विचारा.

कायदा इथे भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा, १८७२ चा. दोघांपैकी एक ख्रिस्ती असला तरी तो लागू होतो. लग्न सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेतच, विशेष परवाना असेल तर गोष्ट वेगळी. वहीत वधूवर, विधी करणारे आणि दोन साक्षीदार यांच्या सह्या, आणि चर्चकडून ठराविक मुदतीनं नोंदीच्या प्रती सरकारी निबंधकांकडे. ज्या पाळकांना या कायद्याखाली लग्न लावायचा अधिकारच नाही त्यांच्याकडून लग्न लावून घेऊ नका. परवाना किंवा बिशपांची नेमणूक विचारणं हा अपमान नाही. परदेशी व्हिसासाठी बहुतेक ठिकाणी चर्चचा दाखला पुरत नाही, सरकारी प्रत लागते. ती वेळेवर मिळावी तर चर्चनं प्रत पाठवलीय का हे लग्नानंतर तिमाही उलटली की विचारा.

आणि उलट बाजू. चर्चच्या न्यायासनानं विवाह मुळातच अवैध होता असा निकाल दिला, म्हणजे कायद्यानं घटस्फोट झाला असं नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये मॉली जोसेफ खटल्यात हे स्पष्ट केलं आणि २०१७ मध्ये यावरची याचिकाही फेटाळली. दिवाणी घटस्फोट कुटुंब न्यायालयातून, १८६९ च्या घटस्फोट कायद्याखाली. २००१ च्या दुरुस्तीनंतर परस्परसंमतीनंही मिळतो. उलटही खरं: न्यायालयाचा घटस्फोट हातात आहे म्हणून चर्चमध्ये पुन्हा लग्न लागत नाही. दोन्ही वाटा वेगवेगळ्या चालाव्या लागतात. चर्चच्या बाजूला २०१५ पासून दुसऱ्या न्यायासनाचा दुजोरा सक्तीचा राहिलेला नाही, त्यामुळे वेळ कमी लागतो. या माणसांना कॅथेड्रलच्या दारात बोलणी खावी लागू नयेत एवढं तरी धर्मगुरूंनी पाहिलंच पाहिजे.

मृत्यूच्या वेळी काम झटपट असतं: डॉक्टरांचा मृत्यूच्या कारणाचा दाखला, महापालिकेची नोंद, दफनभूमीचा पास, मग वेळ. गणपती विसर्जनाच्या किंवा पालखी मुक्कामाच्या दिवशी पेठांत रस्ते बंद असतात. ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत मुक्कामी असते, पंचहौदहून दोन्ही जवळ. त्या दिवशी अंत्यविधीची वेळ आधी वाहतूक पोलिसांना विचारून ठरवायची. दहन कॅथलिकांना १९६३ पासून चालतं, फक्त अस्थी विसर्जित न करता पवित्र जागी ठेवायच्या.

पैशाबद्दल लोकांच्या मनात शंका असते, ती रास्त आहे. मिस्सासाठी दिलेलं दान वेगळ्या वहीत लिहायचं, आणि वर्षभरात अर्पण करता येतील एवढेच मिस्सा स्वीकारायचे. एका फादरनं दिवसात दोन मिस्सा केले तरी स्वतःसाठी दान एकाचंच, नाताळचा अपवाद सोडून. रविवारची दानपेटी तिथल्या तिथे, किमान तिघांनी मिळून मोजायची, चिठ्ठीवर तिघांच्या सह्या, सोमवारी बँक. घरी नेऊन मोजलेली पेटी प्रामाणिक माणसालाही अडचणीत आणते. कर सवलतीची पावती हवी असेल तर रोख २००० रुपयांपर्यंतच. परदेशी पासपोर्टवाल्या नातेवाइकानं प्रेमानं पाठवलेले पैसे साध्या खात्यात घेतले तर परदेशी देणगी कायदा मोडतो. ते फक्त दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यात, तेही नोंदणी असेल तर. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी मुलानं पाठवलेले पैसे यात मोडत नाहीत.

चर्चची जमीन फादरांची नसते, बिशपांचीही नसते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० खाली विक्री, अदलाबदल, बक्षीस किंवा ३ वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा अकृषिक भाडेपट्टा यांना धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज. मंजुरीशिवाय झालेले व्यवहार वर्षानुवर्षं कोर्टात पडून राहतात. पॅरिशच्या सभासदांनी ताळेबंद मागावा, तो त्यांचा हक्क आहे.

आता चर्चबाहेर. पुण्यात चर्च आणि शहर यांची देवघेव जुनी आहे, कधी कडवटही. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून टिळक, रानडे यांच्यासह कितीतरी जणांवर ग्रामण्य, म्हणजे जातीच्या बहिष्काराची कारवाई, झालं, प्रायश्चित्ताच्या वादात गाव दुभंगलं. त्याच पुण्यात एक बिशप, थॉमस डाबरे, तुकोबांवर संशोधन करून डॉक्टर झाले होते. आज कॅथेड्रलच्या धर्मगुरूंकडून समाज तीन-चार गोष्टी मागतो, आणि त्यातल्या काही त्यांच्या हातात नसतात. शाळेचा प्रवेश हे त्यातलं पहिलं. बहुतेक ख्रिस्ती शाळा वेगळे संघ किंवा न्यास चालवतात, कॅथेड्रलच्या चिठ्ठीला तिथे फारसं वजन नसतं. शिक्षणहक्क कायद्याचा २५ टक्के कोटा अल्पसंख्याक शाळांना लागू नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा निकाल.

दुसरं, जातीच्या दाखल्यासाठीचं पत्र. १९५० च्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, १९५६ पासून शिखांना, १९९० पासून बौद्धांनाही. ख्रिस्ती झालेल्या दलिताला तो नाही. हे अन्यायाचं आहे असं मी ठामपणे मानतो, जात बाप्तिस्म्याच्या पाण्यानं वस्तीतून पुसली जात नाही. पण म्हणून ‘याचा बाप्तिस्मा झालेला नाही’ असं खोटं पत्र कुठल्याही पाळकांनी देऊ नये आणि कुणी मागू नये. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशाच एका प्रकरणात बाप्तिस्मा झालेल्या महिलेला दाखला नाकारला. खोटं पत्र पुढे नोकरीच्या पडताळणीत उघडं पडतं आणि घर उद्ध्वस्त होतं.

तिसरं राजकारण. धर्मगुरूंना सत्तेचं पद घेता येत नाही, आणि पक्षात सक्रिय होता येत नाही, हा चर्चचाच नियम. शिवाय १९८८ चा कायदा धार्मिक जागेचा राजकीय कामासाठी वापर करू देत नाही. मतदान करा हे सांगावं. कुणाला, हे वेदीवरून सांगू नये. सभागृह उमेदवाराला ‘फक्त अर्ध्या तासासाठी’ द्यावं अशी विनंती हमखास येते. उत्तर नाहीच.

चौथं, आणि यात जराही ढिलाई नको, मुलांची सुरक्षितता. १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं की पॉक्सो कायदा, २०१२ प्रमाणे पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवल्यास ६ महिन्यांपर्यंत शिक्षा, संस्थेच्या प्रमुखाला १ वर्षापर्यंत. आधी आतल्या आत चौकशी करू आणि मग बघू, ही सवय थेट गुन्हा ठरते. पापनिवेदनातलं गुपित मात्र धर्मगुरू कोणत्याही कारणानं उघड करू शकत नाहीत. पण ऑफिसात, फोनवर, समुपदेशनात सांगितलेलं त्यात येत नाही, आणि तिथे गुपिताची ढाल घेणं चूक आहे. बारीक गोष्टी लक्षात ठेवा: मुलांची पापनिवेदनं चर्चच्या उघड्या भागात, सर्वांना दिसतील पण ऐकू येणार नाहीत अशी, वेदीसेवक मुलांसोबत साक्रिस्तीत (विधींच्या तयारीच्या खोलीत) नेहमी दोन मोठी माणसं, दारांना काच, फादरांच्या खोलीत मुलांना प्रवेश नाही. पालकांनी हे सरळ विचारावं. चांगल्या फादरांना विचारल्याचं बरंच वाटतं.

आजाऱ्यांसाठी रात्रीचा फोन हेही या पदाचं काम आहे. ससूनमध्ये किंवा कुठल्याही खासगी रुग्णालयात कुणी अत्यवस्थ असेल तर जवळच्या पॅरिशला फोन करा, कॅथेड्रलचाच नंबर शोधत बसू नका. शुद्ध असताना बोलावलंत तर रुग्णाला पापनिवेदनही करता येतं. लोक ‘फादर आले म्हणजे शेवट’ या भीतीनं थांबतात आणि मग शुद्ध जाते. रुग्णाभ्यंग, म्हणजे रुग्णाला तेल लावण्याचा संस्कार, मरणाचा विधी नाही, तो गंभीर आजाराचा आणि मोठ्या शस्त्रक्रियेआधीचा आहे.

शेवटी, ऑफिसात जाताना. रविवारी मिस्सानंतर कागदाचं काम होत नाही, सोमवारी बऱ्याच ठिकाणी फादरांची सुट्टी असते. मंगळवार ते शनिवार, फोन करून जा. जुनी नोंद हवी असेल तर नाव, आईवडिलांची नावं, अंदाजे वर्ष आणि त्या वेळी कुटुंब कुठे राहत होतं हे लिहून न्या. लष्करी कुटुंब असेल तर पलटणीचं नावही, कारण कॅम्पातल्या जुन्या वह्यांत पुष्कळदा पत्त्याऐवजी पलटणच लिहिलेली असते. मिळालेल्या दाखल्यावर वहीचा क्रमांक, पान आणि नोंद क्रमांक तीनही लिहिलेत का ते तिथेच उभं राहून पाहा.